ठेवणीतलं घड्याळ

मी एक मनगटी घड्याळ बोलतोय. टिकटिक ऐकू येत नाही म्हणून दचकू नका, त्याचं कारण पुढे येईलच. आधी एक कबुली देऊन टाकतो. मी जळका आहे. साठ वर्षं मी हेवा केला, आणि तोही एखाद्या हिरेजडित घड्याळाचा नाही, तर एका जाडजूड, पोलादी, बारा आकडे ठळक छापलेल्या रोजच्या घड्याळाचा. आम्ही दोघं एकाच घरात, एकाच माणसाची. ते मनगटावर आणि मी कपाटात.

माझ्या रूपाबद्दल मीच दोन शब्द सांगतो, कारण दुसरं कुणी सांगेल याची खात्री नाही. माझी तबकडी सायीच्या रंगाची. मुळात ती पांढरी होती. हा रंग वयाने आला आणि नव्या घड्याळाला काही केल्या तो येत नाही. आकड्यांच्या जागी बारीक सोनेरी दांड्या, एकेक दांडी हाताने बसवलेली. काच किंचित फुगीर, त्यामुळे बाजूने पाहिलं तर काटे पाण्यात असल्यासारखे दिसतात. अंगाने मी इतका सडपातळ की सदऱ्याच्या बाहीलाही माझा पत्ता लागत नाही. आणि पोटात एक अर्धगोल पट्टी. घालणाऱ्याचा हात हलला की ती फिरते आणि माझी स्प्रिंग आपोआप भरते. मला रोज चावी द्यावी लागत नाही. मला फक्त माणूस लागतो.

माझा जन्म एका टेकडीखालच्या कारखान्यात झाला. लांबच लांब बाकं, खिडक्यांशी ओळीने बसलेल्या बायका, प्रत्येकीच्या डोळ्याला भिंग. घड्याळात एक चाक सतत इकडून तिकडे झुलत असतं, त्याला बॅलन्स म्हणतात. घड्याळाचं काळीजच म्हणा ना. माझा बॅलन्स जिने बसवला ती बाई सकाळपासून कुणाशी चकार शब्द बोलली नव्हती. मी चालायला लागलो तेव्हा शेजारणीला म्हणाली की काय सुरेख चालतंय बघ. ते माझं पहिलं कौतुक. पुढे मला ते बरंच पुरवून वापरावं लागलं.

दुकानातून मला घेतलं ते एका छापखान्यातल्या यंत्रचालकाने. त्याच्या नखांत शाई असायची आणि मनगटावर घड्याळ कधीच नव्हतं. कामावरून सुटला की तो दुकानाच्या काचेपाशी येऊन माझ्याकडे बघत उभा राहायचा. असं आठ दिवस. नवव्या दिवशी तो आत आला. मला वाटलं, सुटलो, आता हा मला घालणार. पण त्याने मला घेतलं ते होणाऱ्या जावयासाठी.

जावई इस्पितळात पुरुषांच्या वॉर्डात परिचारक होता. तिथे त्याला सगळे ब्रदर म्हणत आणि हळूहळू घरीदारीही तेच नाव पडलं. मालक म्हणून मी त्याला अहोजाहो करायला हवं, पण ज्याच्या मनगटाची ऊब एकदा अंगी लागली त्याच्याशी मला ते जमत नाही. लग्नात सासऱ्याने मला त्याच्या हातावर बांधलं तेव्हा ब्रदरच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. पाच दिवस मी तिथे होतो. नवी नवरी बोलता बोलता त्याचा हात धरायची आणि तिचा अंगठा माझ्या काचेवर यायचा. इतकं सुख मला पुन्हा कधी लाभलं नाही.

सहाव्या दिवशी तो कामावर गेला आणि माझा घात झाला. नाडी मोजायला सेकंदकाटा लागतो, आणि मला तो नाही. सेकंदांची धावपळ चारचौघांत दाखवणं माझ्या जातीच्या घड्याळांना शोभत नाही, असं तेव्हा मानत. पण हे वॉर्डातल्या मोठ्या सिस्टरना कोण सांगणार? उद्यापासून सेकंदकाट्याचं घड्याळ घालून ये, असं त्यांनी त्याला बजावलं. संध्याकाळी ब्रदर ते पोलादी घड्याळ बांधूनच घरी आला. मला रेशमी रुमालात गुंडाळून पेटीत ठेवलं, पेटी कपाटात गेली, आणि दीड दिवसाने स्प्रिंग उतरून मी थांबलो.

महिन्याभराने कुठल्याशा समारंभासाठी त्याने मला बाहेर काढलं, तर मी बंद. हातावर चढवताच चालू झालो. घरी आल्यावर पुन्हा पेटीत ठेवलं, दोन दिवसांनी पाहिलं तर पुन्हा बंद. असं चार वेळा झाल्यावर ब्रदरने निदान केलं, की घड्याळ दिसायला देखणं पण प्रकृतीने तोळामासा. आणि नाजूक प्रकृतीवर त्याच्याकडे एकच उपाय, पूर्ण विश्रांती. अहो, मला विश्रांतीचाच तर आजार होता! मी बंद पडलो की तो मला अधिक जपायचा, आणि जपून ठेवलं की मी बंद पडायचो. घड्याळजीला नेऊन दाखवावं, तर सासऱ्यांनी दिलेल्या वस्तूत खोट काढल्यासारखं होईल, म्हणून त्याने तेही केलं नाही. पुढे सासरे वारले, तरीही नाही.

घरात माझं नाव पडलं ठेवणीतलं. त्याचं नाव रोजचं.

रोजचं संध्याकाळी घरी यायचं ते स्पिरिटचा वास घेऊन. ब्रदर ते काढून कपाटाच्या माथ्यावर ठेवायचा आणि मी आत, दाराच्या फटीतून त्याची टिकटिक ऐकत, जळून कोळसा व्हायचो. चाल म्हणाल तर आनंदच होता. दिवसाला दोन मिनिटं मागे. रोज सकाळी रेडिओच्या टोल्यांवर ब्रदर त्याचे काटे पुढे सरकवायचा, आणि तेसुद्धा न कुरकुरता, लाडक्या पोराचं नाक पुसावं तसं. मी चालतो तेव्हा दिवसाला चार सेकंदांचाही फरक पडत नाही. पण माझी ही हुशारी बघायला होतं कोण?

त्याची मुलगी जन्मली तेव्हा ब्रदर प्रसूतिकक्षाबाहेरच्या बाकावर बसला होता आणि नजर रोजच्यावर होती. जन्मवेळ त्याच्यावरूनच लिहिली गेली. म्हणजे ती चुकलेली आहे, हे मी छातीठोकपणे सांगू शकतो. पण बरोबर वेळ कोणती ते मला विचारू नका, मी तेव्हा बंद होतो. मुलीचा गोवर, तिची पहिली सायकल, ब्रदरची बढती, सगळं रोजच्याने पाहिलं. हजारो माणसांच्या नाड्यांना त्याने सोबत केली. कितीतरी जणांची शेवटची नाडी त्याच्याच काट्यावर मोजली गेली. आणि एवढं असून ते कधी फुशारकी मारायचं नाही. तेच मला जास्त झोंबायचं. ते बढाईखोर असतं तर निदान नाक तरी मुरडता आलं असतं.

मी वर्षातून दोन-तीनदा बाहेर पडायचो. तेव्हाही ओरखडा येऊ नये म्हणून ब्रदर सारखा बाही खाली ओढायचा. घरातल्या सगळ्या मोठ्या फोटोंत मी आहे, पण दिसतो कुठे? दिसते ती बाही.

एकच व्यक्ती माझ्या बाजूची आहे असं मला वाटायचं, ती म्हणजे त्याची बायको. दुपारी घरात कुणी नसलं की कधीतरी ती पेटी उघडायची, मला तळहातावर घ्यायची आणि बराच वेळ बघत बसायची. बोलायची मात्र काही नाही.

वर्षं गेली. ब्रदर निवृत्त झाला, ऐंशी ओलांडली. पण सवय सुटली नाही. रोज सकाळी खुर्चीत बसून, रोजच्याच्या सेकंदकाट्यावर डोळा ठेवून तो स्वतःची नाडी मोजायचा आणि आकडा बायकोला सांगायचा. मगच चहा. गेल्या महिन्यात बेसिनपाशी त्याच्या हातून रोजचं निसटलं, फरशीवर आपटलं आणि थांबलं. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. साठ वर्षांत पहिल्यांदा आम्ही दोघं सारखे झालो होतो.

पण ब्रदरचं बिनसलं. मुलीने त्याला नव्या तऱ्हेचा पट्टा आणून दिला, आपोआप नाडी मोजून आकडा दाखवणारा. त्याने तो दोन बोटांत धरून परत केला. माझी नाडी मी मोजणार, एवढंच म्हणाला. मग सकाळचा तो खुर्चीत बसायचाच बंद झाला. अंथरुणात पडून राहायचा. चहा गार व्हायचा.

शेवटी मुलीने दोन्ही घड्याळं दुरुस्तीला न्यायची ठरवली. रोजचं तिने पर्समध्ये टाकलं आणि मला चक्क डाव्या हातावर बांधलं. ती शाळेत भूमिती शिकवते. दुकानात शाळा सुटल्यावर जायचं होतं, त्यामुळे सबंध दिवस मी तिच्या मनगटावर. आणि ती डावखुरी निघाली! फळ्यावर तिने वर्तुळं काढली, कोन काढले, पुसले, पुन्हा काढले, आणि माझ्या पोटातली पट्टी गरगरत राहिली. वह्यांचे गठ्ठे, खडूची धूळ, नळाखाली हात धुताना उडालेले दोन थेंब. शिक्षकांच्या खोलीत एका सहकारी बाईने तिचा हात धरून विचारलं की इतकं नाजूक घड्याळ मिळालं कुठे. मी नाजूक नाही हे मला ओरडून सांगायचं होतं, पण कौतुकही सोडवत नव्हतं. आणि रोजचं पर्समध्ये, रुमाल आणि किल्ल्यांच्या गर्दीत! माझ्या आनंदाला पारावार उरला नाही.

घड्याळजी वयस्कर होता. त्याने रोजचं उघडलं, भिंगातून पाहिलं आणि मान हलवली. बॅलन्सचा आस मोडला होता आणि तो भाग आता कुठेच मिळत नव्हता. मग त्याची नजर माझ्यावर गेली. मला हातात घेऊन मागचं झाकण उघडताच तो खुशीत आला. दोन्ही एकाच कारखान्याची, म्हणाला. आतलं यंत्र तेच, ह्याला फक्त सेकंदकाटा नाही आणि ही फिरणारी पट्टी जास्त. ह्याचा बॅलन्स त्याला बसेल.

"पण ह्याला काय झालंय?" त्याने विचारलं.

"बाबा म्हणतात, प्रकृतीने नाजूक आहे. ठेवलं की बंद पडतं."

घड्याळजीने डोळ्यावरचं भिंग काढलं. "बाई, ठेवलं की ते बंदच पडणार. हे घालायचं घड्याळ आहे."

 मुलगी म्हणाली की ह्याला हात लावू नका, हे मी घालणार आहे. मी जिंकलो होतो. रोजचं उघड्या पोटाने काउंटरवर पडलं होतं आणि मला त्याची रतीभरही दया आली नाही. पण पोरगी विचारी. तिने आईला फोन लावला आणि सगळं सांगितलं. दुकान शांत होतं, पलीकडचं बोलणं मलाही ऐकू आलं.

"बाबांचं चालू कर," आई म्हणाली. "ठेवणीतल्यातलं काढायला सांग."

"आई, ते आजोबांनी दिलेलं..."

"कोणी दिलंय ते मला माहितीये. काढ म्हणावं. आणि त्यांना इतक्यात सांगू नकोस."

जिला मी आपली समजत होतो तिनेच माझ्यावर सुरी चालवली. घड्याळजीचा हात हलका होता, तक्रार नाही. चिमट्याने बॅलन्स उचलला आणि मी थांबलो, ह्या वेळी स्प्रिंग भरलेली असताना. थोड्याच वेळात शेजारून आवाज आला. चाल माझी, आणि चेहरा त्याचा!

ब्रदर पुन्हा खुर्चीत बसू लागला. नाडी, आकडा, चहा. पण पहिल्याच सकाळी रेडिओचे टोले पडले तेव्हा त्याची बोटं काटे सरकवायला गेली आणि थबकली. सरकवायला काही नव्हतंच. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तो उठून कपाटापाशी आला, पेटी उघडून मला हलवलं आणि कानाला लावलं. मी काय बोलणार?

बायको पलंगावर कपड्यांच्या घड्या घालत होती. "रोजचं मागे पडत नाही आणि हे चालत नाही," तो म्हणाला. "काय केलंत तुम्ही दोघींनी?"

तिने सांगून टाकलं. ब्रदर मट्कन पलंगावर बसला. "तुझ्या वडिलांचं घड्याळ फोडलंत. साठ वर्षं मी त्याला एक ओरखडा येऊ दिला नाही."

"नाही येऊ दिलात," ती म्हणाली. घडी घालता घालता तिचे हात थांबले होते. "माझ्या वडिलांनी ते तुम्हाला घालायला दिलं होतं. ते पेटीत गेलं त्या दिवसापासून मी वाट बघतेय, आज काढतील, उद्या काढतील. आत्ता कुठे ते तुमच्या हातावर आलंय. आता तरी काढू नका."

 ब्रदरने तीन बोटं मनगटावर ठेवली, सेकंदकाट्याकडे पाहत मोजायला सुरुवात केली आणि मध्येच मोजणी चुकला. साठ वर्षांत पहिल्यांदा. त्याने पुन्हा पहिल्यापासून मोजली. ती शेजारी बसून राहिली.

म्हणजे दुपारी पेटी उघडून ती माझ्याकडे बघायची, तेव्हा जळणारा ह्या घरात मी एकटा नव्हतो. हे कळल्यावर तिच्यावरचा माझा राग गेला. हेवा मात्र गेलेला नाही, उगाच मोठेपणा कशाला घेऊ? फक्त पूर्वी रोजच्याचा वाटायचा, आता माझ्याच काळजाचा वाटतो. ते रोज सकाळी त्या मनगटावर असतं आणि मी इथे, देखणा आणि रिकामा, पेटीत.

कुणी ऐकत असेल तर एवढं करा. आंघोळीला जाताना ब्रदर रोजचं काढून खिडकीत ठेवतो. तिथे नको. माझ्या पेटीशेजारी ठेवा आणि झाकण उघडं राहू द्या. तो बाहेर येईपर्यंतची दहा मिनिटं मला पुरतील. मी कसा चालतो, ते मला ऐकायचंय.