साय न मोडणारी पळी

मित्रांनो, मी एक जुनी वेळूची पळी आहे. पळी म्हटलं की तुम्हांला चूल आठवेल, उकळती आमटी आठवेल. मी मात्र आयुष्यात विस्तव पाहिला तो लांबूनच. माझा जन्म झाला तो वाइनच्या पिंपात डोकावण्यासाठी, आतली चव वर आणून माणसांच्या ओठांशी नेण्यासाठी.

स्पेनमधली ग्वादलकिवीर नदी जिथे समुद्राला मिळते, त्या सानलूकार गावच्या काठावर माझं वेळूचं बेट होतं. ओहोटीच्या एका सकाळी कारागिराने मला कापलं. तळाचं एक पेर त्याने अखंड ठेवलं, तीच माझी वाटी. बाकीचं अंग तासून तासून असं बारीक केलं, की मी वाऱ्यावर लवावी आणि मोडू नये. मग त्याने मला एका कोठारात दिलं. काय कोठार होतं ते! उंच उंच खांब, ओल्या वाळूची जमीन, काळ्या पिंपांच्या रांगा, आणि खिडक्यांतून येणारा पश्चिमेचा खारा वारा.

आमच्याकडच्या वाइनवर साय धरते. हो, दुधावर धरते तशीच, पांढरी, सुरकुतलेली, जिवंत. तिच्या पांघरुणाखाली वाइन कोवळी राहते. द्राक्षमळ्यातल्या बायका गातात,

खाऱ्या वाऱ्या, हळू ये रे,
माझं पिंप निजलेलं;
त्याच्या अंगावर साय,
जसं चांदणं सांडलेलं.

ही साय न मोडता खाली उतरायचं, हीच माझी विद्या. हलकेच टोचायचं, सरळ बुडायचं, भरून वर यायचं. वर आले की मला धरणाऱ्याचा हात डोक्याच्या वर जाई आणि तिथून मी बारीक धार सोडत असे, थेट खालच्या पेल्यात. वसंतातल्या जत्रेत माझी धार पाहून लोक टाळ्यांचा ठेका धरत. तेव्हा माझा रुबाब काय वर्णावा!

पण मित्रांनो, माझ्या आयुष्यातला सर्वांत थरारक दिवस जत्रेतला नव्हे. तो होता परीक्षेचा.

दर वसंतात कोठाराचे प्रमुख, बाल्दोमेरो उस्ताद, एकेका पिंपाची वाइन हुंगत आणि खडूने पिंपावर खूण करत. एक तिरकी रेघ म्हणजे वाइन नाजूक, उत्तम. जाळी काढली की वाइन आंबली, तिचं व्हिनेगर झालं. जाळीचं पिंप तत्काळ बाहेर काढत, कारण ती आंब शेजारच्या पिंपांना लागते. ज्या पळीने ते पिंप तपासलं, ती पळीही मोडून जाळत. आणि उस्तादांची खूण उस्तादांशिवाय कोणी पुसायची नाही.

त्या वर्षी खिडकीजवळचं पहिलंच पिंप होतं कारिदादचं. बाप गेल्यावर पांढऱ्या मातीचा मळा या बाईने एकटीने सांभाळला होता. त्या मळ्याचा तिने गाळलेला पहिलाच रस या पिंपात होता. उस्तादांनी तेव्हाच बजावलं होतं, "हे टिकलं तर दरवर्षी तुझा रस घेऊ. बिघडलं तर पुन्हा या दारात विचारायला येऊ नकोस." तिचा भाऊ वेली उपटून सूर्यफूल पेरायला टपलेला होता. आणि त्या हिवाळ्यात नेमकी तिच्याच पिंपावरची साय विरून गेली होती. कोठारात कुजबुज होतीच.

उस्तादांनी मला उतरवलं. साय नव्हतीच, मी सरळ बुडाले. आत काय होतं, काय सांगू! माझ्या उभ्या आयुष्यात अशी वाइन मला भेटली नव्हती. मी आनंदाने थरथरतच वर आले. धार पेल्यात पडली. रंग जुन्या सोन्यासारखा. उस्तादांनी पेला नाकाशी नेला.

त्यांचा चेहरा उतरला.

"व्हिनेगर," ते म्हणाले.

कारिदादने हातातली शाल घट्ट धरली. "उस्ताद, एक घोट तरी घ्या."

"जीभ फसते, पोरी. नाक फसत नाही. माझ्या गुरूने घोट घेतला नाही, मी घेत नाही."

"एकच घ्या. माझ्यासाठी."

"व्हिनेगर चाखायला मी काय कोशिंबीर आहे?" त्यांनी खिशातून खडू काढला. "तेलेस्फोरो, मोड ती पळी."

तेलेस्फोरो म्हणजे आमचा पिंपं हलवणारा, दांडगा, खादाड, मनाने लोण्यासारखा. त्याने मला गुडघ्यावर आडवं धरलं. माझा कणा कडकडला. मित्रांनो, खरं काय ते मला ठाऊक होतं, पण पळीला वाचा कुठली? आदल्या दुपारी काय घडलं होतं ते माझ्या अंगात मुरलेलं होतं. मी मोडले असते, तर ते माझ्याबरोबर जळून गेलं असतं.

पण तेलेस्फोरोचे हात थांबले. 'कोशिंबीर' ऐकल्यापासून त्याचे कान लाल झाले होते.

"मोडतोस ना?" उस्तादांनी विचारलं.

"मोडतो की. घाई काय आहे, उस्ताद? पळी काय पळून जातेय?"

"एरवी पिंपं ढकलायला कुरकुरतोस, आज काडी मोडायला घाम फुटला?"

कारिदादने ते हेरलं. तिने मला त्याच्या हातातून ओढून घेतलं, झटकलं आणि माझ्या वाटीत नाक खुपसलं. एकदा. पुन्हा एकदा.

"उस्ताद," ती हळू म्हणाली, "हिला कांद्याचा वास येतोय. मी पिंपात द्राक्षं घातली होती. कांदा नव्हता घातला."

सगळे तेलेस्फोरोकडे वळले.

"बांगडे भाजले होते काल," तो जमिनीकडे बघत पुटपुटला. "टोमॅटो होते, मिरची होती, कांदा होता. व्हिनेगरशिवाय कोशिंबीर म्हणजे नुसता पाला. पलीकडच्या व्हिनेगरच्या खोलीतून जरासं काढलं हिने. कालवलीही हिनेच. मग धुतली की, देवाशपथ."

"कशात धुतलीस?"

"पाण्यात... म्हणजे, पुसली."

उस्तादांनी नवा पेला मागवला आणि पिंपाच्या दर्शनी फळीतली छोटी लाकडी खुंटी स्वतः उपटली. सुतासारखी धार पेल्यात आली, मध्ये पळी नाही, कोणी नाही. त्यांनी हुंगलं. डोळे मिटले. पुन्हा हुंगलं. आणि मग, मित्रांनो, त्यांनी पेला ओठाला लावला!

आमच्या कोठारात चाखलेली वाइन गिळत नाहीत, वाळूवर थुंकतात. आम्ही सगळे वाट बघत राहिलो. वारासुद्धा खिडकीत थबकल्यासारखा झाला. उस्ताद थुंकलेच नाहीत.

"आधी भाजके बदाम," ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. "मग वाळलेल्या संत्र्याची साल. साय गेली, पण ही आंबली नाही, ही मोठी झाली. चाख, पोरी, तुझीच आहे."

कारिदादने घोट घेतला. आधी ती हसली, मग रडली, मग दोन्ही एकदम.

पिंपावर पहिल्या वर्षीची तिरकी रेघ होती. उस्तादांनी तिच्यावरून एक आडवी रेघ मारली. नाजूक म्हणून निघालेली वाइन आपल्या मनाने भारदस्त झाली, अशी ती खूण. कित्येक वसंत जातात, तेव्हा कुठे ती एकदा उमटते. "मळ्याला वेली लागतील तेवढ्या लाव," ते म्हणाले, "आणि भावाला सांग, सूर्यफुलाला दुसरी जमीन बघ." मग तेलेस्फोरोकडे वळून, "आणि तू आता बांगडा कोरडाच खा."

मी वाचले, पण पिंपात पुन्हा उतरले नाही. वेळूत मुरलेला वास निघत नाही. आता चकचकीत पोलादी पळ्या आल्या आहेत, आणि मी दाराजवळ खुंटीवर लटकते आहे. पश्चिमेचा वारा आला की अजून लवते. कारिदाद रस घेऊन येते, तेव्हा जाता जाता माझ्यावरून बोट फिरवते.

मित्रांनो, एक विनवणी ऐका. जी वस्तू ज्या कामाची, ती त्याच कामाला वापरा. वापरली की नुसती पुसू नका, धुवा आणि वाऱ्यावर वाळवा. आणि कोणाच्या पिंपावर जाळी काढायला खडू उचलाल, तेव्हा आधी आपली पळी हुंगून बघा.