घागऱ्याचा आळ आलेला हंडा

मित्रांनो, मी एक जुना तांब्याचा हंडा आहे. पोट मोठं, बूड काळं आणि कान दोन, दोन्ही चांगले तिखट. रोमानियातल्या एका गावाच्या कडेला रोमा तांबटांची वस्ती आहे. तिथे सावेताबाईंच्या अंगणात माझा मुक्काम असतो. गेल्या उन्हाळ्यात मला चेपून भंगारात घालायचं ठरत होतं आणि माझ्यापाठोपाठ घरातल्या सुनेलाही माहेरी धाडणार होते. आम्ही दोघं कसे वाचलो, ते ऐका.

सावेताबाईंच्या सासऱ्यांनी मला एका पत्र्यातून ठोकून काढलं. ठोके मोजताना ते म्हणायचे, येख, दुय, त्रिन, श्तार, पांज. ओळखीचं वाटतंय ना? वाटणारच. या लोकांचे पूर्वज हजारेक वर्षांपूर्वी तुमच्याच बाजूने निघाले. पाण्याला ते अजून पानी म्हणतात, नाकाला नाक, कानाला कान आणि माणसाला मानुश. वाटेत इराण लागलं, आर्मेनिया लागला, मग ग्रीकांचा मुलूख. जिथे राहिले तिथले शब्द घेतले. सात, आठ, नऊ हे आकडे ग्रीकांचे आहेत. बदल्यात बहुतेक हंडे दिले असतील. माझं त्यांच्या बोलीतलं नाव तर चक्क ग्रीक आहे, तरी मी कधी आखडलो नाही.

तरुणपणी मी घोडागाडीखाली लटकून पुष्कळ फिरलो. लग्नात कोबीच्या पानांच्या गुंडाळ्या माझ्यात शिजायच्या, शरदात आलुबुखारचा मुरंबा. लोक बोटं चाटायचे आणि वर मलाच थोपटायचे. मग अॅल्युमिनियमचे टोप आले. मला परसात टाकलं आणि कोंबड्या माझ्यात अंडी घालायला लागल्या. चांगली अंडी घालायच्या, ती गोष्ट वेगळी.

सावेताबाईंच्या मुलाचं, तोमाचं लग्न ठरलं तेव्हा मला बाहेर काढून कल्हई केली. नवरी योलाना स्लोवाकियाची. दोघं स्पेनमध्ये फळांच्या कारखान्यात भेटले होते. लग्न झालं, तोमा पुन्हा स्पेनला गेला आणि सून सासूकडे राहिली.

योलानाही रोमा, तिची भाषाही रोमानीच. पण तिचे लोक शेकडो वर्षं दुसऱ्या चुलीवर जेवलेले. त्यांच्या रोमानीत हंगेरियन आणि स्लोवाक मिसळलं, यांच्यात रोमानियन. साधं ‘आहे’ म्हणायचं तरी सासूचा शब्द एक, सुनेचा दुसरा, आणि हेल तर पार उलटे. सावेताबाईंना केवढी मजा! सून एक वाक्य बोलायची आणि त्या शेजारणींपुढे त्याची नक्कल करून दाखवायच्या. हळूहळू योलाना बोलायचीच थांबली. नुसती मान हलवायची. आईशी फोनवर बोलायचं झालं की माझ्या आडोशाला बसून कुजबुजायची. वस्तीतली पोरं तर रोमानीत हाक मारली की रोमानियनमध्ये ओ देतात, त्यांना कोणी हसत नाही.

आता इथली एक रीत सांगतो. रांधायचं भांडं वेगळं, अंगावरच्या कपड्यांचं वेगळं आणि घागऱ्यांचं तर अगदीच वेगळं. घागऱ्याचं पाणी स्वयंपाकाच्या भांड्याला लागलं की ते भांडं कायमचं बाटलं. कितीही घासा, उपयोग नाही.

एक दिवस सावेताबाई बाजारातून आल्या आणि त्यांनी माझ्यात डोकावलं. आत लाल गुलाबांचं कापड भिजत होतं. सुनेचा घागराही लाल गुलाबांचाच. झालं. बाईंनी अंगण डोक्यावर घेतलं. तिच्या माणसांना कुठलं भांडं कशाचं तेवढंही कळत नाही म्हणाल्या. आदल्या रविवारी अर्धी गल्ली माझ्यातलं जेवून गेली होती, त्यामुळे ज्याचा त्याचा हात पोटावर गेला. योलाना काही बोलायला गेली, पण आजूबाजूला शेजारणी बघून तिचे ओठ मिटले. मला सगळं माहीत होतं. माझं तोंड एवढं मोठं, पण उपयोग शून्य.

दुसऱ्या दिवशी अक्रोडाच्या झाडाखाली वडीलधारे बसले. मधे मी. सावेताबाईंचं म्हणणं एकच, हंडा मोडा आणि पोरीला बापाकडे पोचवा. मग सुनेला विचारलं. ती हळू आवाजात, मोडक्यातोडक्या रोमानियनमध्ये सुरू झाली. सगळ्यात वयस्कर इस्पासकाकांनी हात वर केला.

“या बैठकीत रोमानीच चालते पोरी. तुझी जशी आहे तशी बोल.”

कोणीतरी फिदकन हसलं.

“हसायचंय त्याने गोठ्यात जावं,” काका म्हणाले. “मला बहिऱ्याला तुमचंसुद्धा निम्मंच कळतं.”

मग योलाना बोलली. तिच्याच हेलात, तिच्याच बोलीत. “मी घागरा नाही भिजवला. तो टेबलावर अंथरायचा कपडा आहे. सासूबाईंनीच एका ताग्यातून दोन्ही शिवलं. कपडा दोरीवर आहे. आणा, आणि त्याला नाडी कुठेय ते दाखवा मला. जेवणाचा कपडा जेवणाच्या भांड्यात धुवावा, एवढं माझ्याही आईने शिकवलंय.”

तिचा एकही शब्द कुणाला अडला नाही. सगळ्यांना सगळं कळलं.

सावेताबाई गेल्या, कापड घेऊन आल्या. उलटं केलं, सुलटं केलं, चारी कोपरे चाचपले. ना नेफा, ना नाडी, ना एक चूण.

“कापड चांगलं होतं हो,” त्या पुटपुटल्या. “म्हटलं, उरलेलं कशाला वाया घालवा.”

मग मात्र गोठ्यात कोणी गेलं नाही, सगळे तिथेच हसले. इस्पासकाकांनी निकाल दिला, की सावेताने आजच, याच हंड्यात, सगळ्या बैठकीला रांधून घालावं. माझ्या बुडाखाली लाकडं सरकली तेव्हा जे बरं वाटलं म्हणता! भंगारवाल्यापेक्षा चटके कधीही बरे.

कोबी चिरता चिरता सावेताबाई म्हणाल्या, “एवढं खणखणीत बोलता येतं, तर इतके महिने तोंडात काय धरलं होतंस?”

“तुमची नक्कल संपायची वाट बघत होते, आई.”

बाईंनी डाव उगारला, मग तोच पुढे करून मीठ बघायला दिलं. “उद्या तुला पोर झालं की त्याला तुमची बोली पण शिकव,” त्या म्हणाल्या. “माझ्याशी भांडताना दोन्ही लागतील.”

मित्रांनो, रोमानी आता कुठे कुठे शाळेत शिकवतात, रेडिओवरही असते म्हणे. चांगलंच आहे. पण मी ती ऐकतो ती माझ्या काठाशी, कोबी चिरताना आणि भांडताना. तुमच्याही घरी कोणी वेगळ्या हेलात बोलत असेल. त्याचं वाक्य पुरं होऊ द्या. हसू आलंच, तर त्यानंतर हसा, आणि त्यालाही हसण्यात घ्या.