विंडोजवरसुद्धा चालतं

गेलं वर्षभर आमच्या रेस्क्यू ग्रुपच्या प्रत्येक मीटिंगमध्ये मी एक वाक्य छाती पुढे काढून सांगत होते, "आपला प्रोग्रॅम कुठेही चालतो. लिनक्स असो, विंडोज असो, कुठलाही लॅपटॉप द्या." लिनक्सवर चालतो हे मला माहीत होतं, कारण माझ्याच लॅपटॉपवर तो रोज चालायचा. विंडोजचं मी फक्त वाचलं होतं. ज्या लायब्ररीवर, म्हणजे दुसऱ्यांनी लिहून ठेवलेल्या तयार कोडवर, मी तो बांधला, तिच्या माहितीत तसं लिहिलेलं होतं. तेवढ्यावर मी नाकाने कांदे सोलत होते. एकदाही करून बघितलं नव्हतं.

ती फुशारकी ऑगस्टमधल्या एका रविवारी अंगाशी आली.

पठारावरच्या वाडीतले रखमाजी आबा, वय सत्तर, सकाळी चुकलेली म्हैस शोधायला निघाले. दहा वाजता म्हैस एकटीच घरी आली. वाडीच्या खाली दोन घळी आहेत, थोरली आणि धाकटी, मध्ये डोंगराची उभी सोंड. आबा त्यांतल्या एकीत असणार हे नक्की होतं. कोणत्या, ते कुणालाच माहीत नव्हतं. दोर लावून उतरणारे आमच्यातले त्या दिवशी सातच जण होते, म्हणजे एकच घळ. चुकीच्या घळीत उतरलो तर वर येईपर्यंत अंधार होणार, आणि सत्तरीचा माणूस भिजलेल्या अंगाने तिथे रात्र काढू शकणार नाही. आमचा म्होरक्या निलेश, लोणावळ्यात त्याचं गॅरेज आहे, त्याने सरळ सांगितलं, "साडेपाचला आमी निघनार ताई. तोवर तुमी सांगा कुटं उतरायचं. न्हाईतर मी माज्या अंदाजानं थोरलीत उतरतो."

दुपारी पावणेदोनला धुकं वीस मिनिटं फाटलं होतं. तेवढ्यात ड्रोनने दोन्ही घळींचे सहाशे चाळीस फोटो काढले, आणि पडदा पुन्हा पडला. फोटोंचं कार्ड मी खिशात टाकलं. त्या फोटोंमध्ये माणूस तांदळाच्या दाण्याएवढा दिसतो. डोळ्यांनी शोधायला बसलं तर दिवस जाईल. माझा प्रोग्रॅम नेमका त्यासाठीच होता. त्याला रंग सांगायचा, तो सगळे फोटो चाळून त्या रंगाचे ठिपके काढून देतो.

खंडाळ्यात माधवरावांच्या बंगल्यावर आमचा तळ होता. अडीचला तिथे पोचून मी लॅपटॉपची बॅग उघडली, आणि आतून पाणी सांडलं. जीपची मागची ताडपत्री सुटली होती, रस्ताभर पाऊस थेट बॅगेत पडत होता. मी लॅपटॉप उलटा धरला तर चहाची किटली ओतावी तशी धार लागली. माझ्या तोंडचं पाणी पळालं.

"अगं सुनेत्रा, माझा घे की," माधवराव म्हणाले. ते रेल्वेतून निवृत्त झालेले, टापटिपीचे. लॅपटॉपला क्रोशाचं कव्हर होतं. "विंडोज आहे. तू म्हणतेस ना, विंडोजवरसुद्धा चालतं?"

खोलीत सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "हो, चालतं."

प्रोग्रॅम आणि लायब्ररी दोन्ही माझ्या किल्ल्यांच्या जुडग्यातल्या पेनड्राइव्हवर होते, पण मूळ कोडच्या रूपात. लिहिलेलं कोड मशीनला चालेल अशा रूपात आणायला कंपायलर लागतो, आणि माधवरावांच्या लॅपटॉपवर पत्ते आणि पंचांग सोडून काही नव्हतं. लायब्ररीची विंडोजसाठी तयार प्रत इंटरनेटवर कुणी ठेवलेली नव्हती. म्हणजे कंपायलर उतरवायचा, लायब्ररी कंपाइल करायची, मग प्रोग्रॅम. फोटो कुणाकडे पाठवायची सोयच नव्हती. नऊ जीबी आणि मोबाइलला एक दांडी.

फोन खिडकीच्या गजाला बांधून मी डाउनलोड लावलं. पस्तीस मिनिटं ती निळी पट्टी सरकताना बघितली. व्हरांड्यात आबांची बायको, सरूबाई मावशी, पाय पोटाशी घेऊन बसल्या होत्या. समोरचा चहा गार झाला होता. मी तीनदा त्यांच्यावरून गेले. बोलले नाही. वर्णनाचा फॉर्म आमच्या ग्रुपमधल्या एका पोराने सकाळीच भरून घेतला होता: धोतर पांढरं, सदरा पांढरा, टोपी पांढरी. मला आणखी काही नको होतं.

सव्वातीनला कंपाइल लावलं आणि दहाव्या सेकंदाला लाल अक्षरांची रांग आली. फाइल सापडत नाही. फाइल डोळ्यांसमोर आहे. पुन्हा लावलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मी त्रुटीची ओळ नीट वाचली तर फोल्डरच्या नावाच्या जागी नुसते चौकोन होते.

"काका, लॅपटॉपला नाव काय दिलंय तुम्ही?"

"माझंच. मराठीत," ते अभिमानाने म्हणाले. "इंग्रजीत कशाला द्यायचं?"

मी कपाळाला हात लावला. विंडोजने त्यांच्या नावाचं फोल्डर केलं होतं, मी त्यातच काम करत होते, आणि ह्या कंपायलरला देवनागरी वाचता येत नव्हती. सगळं उचलून थेट सी ड्राइव्हवर नेलं. पुन्हा लाल. कारण हा शहाणा आपल्या तात्पुरत्या फायली अजूनही काकांच्या नावाच्या फोल्डरमध्येच टाकत होता. मी त्या जागेचा पत्ताही बदलला. तेव्हा पावणेचार झाले होते.

मग मात्र आकडे चढायला लागले. सहा टक्के. नऊ. जिथे कात्री लावता येईल तिथे मी लावली होती. व्हिडिओचा भाग बंद, चाचण्या बंद. तरी तो जुना लॅपटॉप धापा टाकत होता. तेवीस टक्के. माधवराव दर पाच मिनिटांनी येऊन "किती झालं गं?" विचारत. मी एकदा खेकसले. ते निमूटपणे माझ्याजवळ लाडूची बशी ठेवून गेले, त्याने मला आणखीच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

एकसष्ट टक्क्यांवर वीज गेली.

"बॅटरी किती चालते काका?"

"बॅटरी गेल्या वर्षीच गेली."

स्क्रीन तर काळी झालेलीच होती. मी काहीतरी अर्वाच्य बोलले. निलेश जिन्यावरून खाली पळाला, आणि पाच मिनिटांत त्याने जीपची बॅटरी आणि जीपमध्येच टाकलेला गॅरेजचा छोटा इन्व्हर्टर टेबलाखाली आणून जोडला. "लावा," म्हणाला. एवढंच. देव पावला, कंपाइल एकसष्टवरूनच पुढे सुरू झालं. झालेलं काम तो विसरला नव्हता.

पाच वाजता लायब्ररी झाली, पाच मिनिटांनी माझा प्रोग्रॅम. चालवला तर म्हणे डीएलएल, म्हणजे लायब्ररीची कंपाइल झालेली फाइल, मिळत नाही. ती कुठे पडलीय ते मला माहीत होतं. उचलून शेजारी आणून ठेवली. पाच वाजून दहा मिनिटांनी प्रोग्रॅम विंडोजवर चालू झाला. सातही जण टाळ्या वाजवायच्या बेतात होते. मीही क्षणभर हवेत होते, खोटं कशाला बोलू.

पांढरा रंग सांगितला. सहा मिनिटांनी निकाल आला. चारशे बारा ठिपके.

ऑगस्टमध्ये मावळातल्या घळीत पांढरं काय काय असतं? प्रत्येक कड्यावरून पाणी पडत होतं. फेस, ओला चकाकता कातळ, धुक्याच्या चिंध्या. मी एकेक ठिपका मोठा करून बघत गेले. पाणी. पाणी. दगड. पाणी. साडेपाचला माझे शंभरही झाले नव्हते.

"ऱ्हाऊ द्या ताई," निलेश म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, म्हणून मला जास्त लागलं. "तुमी लय केलं. आमी थोरलीत उतरतो." दोर उचलून ते खाली गेले. इन्व्हर्टर बॅटरीसकट ठेवला आणि माधवरावांच्या मोटारीची बॅटरी काढून जीपला लावायला घेतली.

मी व्हरांड्यात येऊन बसले. मला रडू येत होतं आणि स्वतःची चीडही. तीन तास त्या यंत्राशी डोकं फोडलं, आणि हातात धबधब्यांचे फोटो.

सरूबाई मावशींनी विचारलं, "सापाडलं का वो बाई?"

"नाही मावशी. पांढरे कपडे पाण्यात ओळखूच येत नाहीत."

"पांडरे कुटले दिसत्यात?" त्या म्हणाल्या. "वर खोळ व्हती की."

मी त्यांच्याकडे बघितलं. त्या दिवसात पहिल्यांदाच.

"कसली खोळ?"

"निळ्या ताडपत्रीची. डोईवरनं घेत्यात न्हाई का, पार गुडघ्यापातुर? येवढ्या पावसात कुनी उगडं जातंय व्हय?"

"मावशी, मग सकाळी सांगितलं का नाही? फॉर्म भरताना?"

"त्यो म्हनला कापडं काय व्हती. कापडं सांगितली." त्यांना माझ्या प्रश्नाचंच नवल वाटलं. "खोळ काय कापडात धरत्यात व्हय?"

मी आत पळाले. निळा रंग टाकला, एंटर मारलं. सहा मिनिटं. खाली जीपला स्टार्टर मारल्याचा आवाज, एकदा, दोनदा. न लागू दे, न लागू दे, असं मी त्या जीपला म्हणत होते. एकवीस ठिपके आले. पॉइंटवरून पर्यटकांनी फेकलेली वेफर्सची पाकिटं, बाटल्या, एक छत्रीचा सांगाडा. चौदावा ठिपका मोठा केला आणि माझा हात थांबला.

एक निळा चौकोन. सपाट पसरलेला. चारही कोपऱ्यांवर एकेक काळा दगड.

वारा काही दगड ठेवत नाही. फोटोत ड्रोनने नोंदलेली जागा बघितली. धाकटी घळ, वरून तिसऱ्या टप्प्याला. खाली जीप लागली. मी अनवाणीच जिना उतरले, फाटकाबाहेर निघालेल्या जीपच्या बॉनेटवर दोन्ही हात आपटले आणि ओरडले, "धाकटी! निलेश, धाकटी!"

माणूस मात्र त्या फोटोत नव्हता. हे मी निलेशला सांगितलं. "दगड मांडलेत ना? मग बास," तो म्हणाला.

त्यानंतरचा सव्वा तास मला नीट सांगता येत नाही. वॉकीटॉकी टेबलावर ठेवून आम्ही तिघं बसलो होतो. सहा चाळीसला निलेशचा आवाज आला. "ताडपत्री मिळाली. मानूस न्हाई." मावशींनी पदराचा बोळा तोंडात धरला. माधवरावांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला, मग संकोचून काढून घेतला. मी त्या यंत्राकडे बघत म्हणत होते, बोल, बोल ना रे.

सातला ते बोललं. "हाय! आबा हाय! कपारीत व्हता. पाय मोडलाय, गार पडलाय लय, पन शिव्या देतोय."

मावशी हसल्या नाहीत, रडल्याही नाहीत. समोरचा गार चहा त्यांनी एका घोटात पिऊन टाकला.

तिसऱ्या दिवशी मी तळेगावच्या दवाखान्यात गेले. आबांचा पाय प्लास्टरमध्ये होता आणि छातीत कफ भरलेला. ती खोळ पलंगाच्या दांडीवर वाळत घातली होती. मला बघून म्हणाले, "तुमचं त्ये भुनभुन करनारं व्हय? दुपारी आलतं डोक्यावर, घटकाभर घिरट्या घालत व्हतं. मी म्हनलं वरनं खोळ दिसंल. काडली आन् खडकावर हातरली, चार दगुड ठिवलं. वर वर सरकत कपारीत गेलो. कपार तरी कसली, अर्दं आंग भाईर."

"म्हणजे तेव्हापासून अंगावर काही नव्हतं?"

"सदरा व्हता की." ते खोकले, बराच वेळ. मी त्यांना पाणी दिलं.

मी मनात हिशेब केला. पावणेदोन ते सात. सव्वापाच तास. फोटो पावणेदोनपासून माझ्याच खिशात होता. कंपायलरने घेतलेले तास मी कुणालाही तोंड वर करून सांगू शकते, पण बाई व्हरांड्यात बसलेली होती आणि मी तिच्यावरून तीनदा गेले होते.

आबांनी पेला परत दिला. "मंग त्ये पुना आलंच न्हाई," ते म्हणाले. "मला वाटलं, दिसलं न्हाई त्येला."

"दिसलं होतं आबा," मी म्हटलं. "त्याला लगेच दिसलं होतं."

त्यांनी मान हलवली आणि खोळ वाळली का ते हात लांबवून बघितलं.