जीपची चौकट विजेच्या गाडीवर

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी चौकट आहे. दाराची नव्हे, खिडकीची नव्हे आणि फोटोचीही नव्हे. गाडीच्या तोंडाशी नंबर प्लेट असते ना, ती जिच्यात बसते ती मी. तुम्ही गाडीचा रंग बघता, चाकं बघता, आत केवढा स्क्रीन आहे तेही वाकून बघता. माझ्याकडे मात्र कोणी ढुंकूनही बघत नाही. त्याचं मला वाईट वाटतं, हे आधीच सांगून टाकते. सध्या मी एका विजेवर चालणाऱ्या गाडीला बसवलेली आहे. पण माझा जन्म त्या गाडीसाठी झाला नव्हता.

माझं गाव नांदूरघाट, बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यातलं. तिथल्या बन्सीदादांनी नांदूरघाट ते केज प्रवासी ने-आण करायला एक जीप घेतली होती. जीप आतून भरली की लोक टपावर चढत, आणि टपावर चढायचं म्हणजे आधी बंपरवर पाय, मग बोनेटवर. अशाच कोणाच्या तरी पायाखाली जीपची पत्र्याची नंबर प्लेट पहिल्याच आठवड्यात दुमडली. दादा चिडले. घरात एक मोडकी लोखंडी खाट होती. तिचे अँगल त्यांनी काढले आणि शाळेतला जोडीदार शहादेव वेल्डर याच्या दुकानात नेऊन टाकले.

"अशी चौकट कर बे, की पैलवानानं पाय दिला तरी वाकली न्हाई पायजे," दादा म्हणाले.

शहादेवनं अँगल कापले, चार कोपरे जोडले आणि वरच्या बाजूला एक रुंद पट्टी डकवली. ती माझी पायरी. लोक चढणारच आहेत तर नीट पाय ठेवून चढू देत, असा त्याचा विचार. काम संपल्यावर त्यानं विचारलं, "नाव टाकू का काई?" दादा उगाच इकडंतिकडं बघू लागले आणि मग हळूच म्हणाले, "मुक्ता टाक." शहादेवनं वेल्डिंगच्या टाक्यांनी पायरीच्या कडेवर ती अक्षरं काढली.

मुक्ताबाई म्हणजे दादांच्या पत्नी. आपलं नाव जीपवर लागलं आणि आपली खाट गेली, या दोन्ही गोष्टी त्यांना एकाच दिवशी कळल्या. "नाव टाकलं म्हणून खाट परत येती का?" असं म्हणून त्या कितीतरी दिवस दादांशी धड बोलल्या नाहीत. पण रोज सकाळी जीप निघायच्या वेळी त्या बादली घेऊन यायच्या आणि सगळ्यात आधी मला पुसायच्या.

काय ते दिवस होते, मित्रांनो! माझ्यावर किती पाय पडले म्हणून सांगू. मेंढरांमागं फिरून भेगाळलेले पाय, बाजारच्या दिवशी चिखलानं भरलेले पाय, कॉलेजला निघालेल्या पोरांचे नवे बूट. एकदा एक नवरदेव वरात लवकर पोचावी म्हणून बाशिंगासकट माझ्यावरून टपावर चढला. मला कधी राग आला नाही. चौदा एप्रिलला दादा माझ्या कोपऱ्यात निळा झेंडा खोवायचे, तेव्हा तर मी आख्ख्या रस्त्यावर ऐटीत मिरवायची. लोक म्हणायचे, "मुक्ता आली, चला!" दादांची मुलगी आम्रपाली तेव्हा लहान होती. ती माझ्या पायरीवर उभी राहून जीपची काच पुसायची, आणि काच पुसून झाली तरी खाली उतरायची नाही. तिच्या पायांचं वजन मला जाणवायचंसुद्धा नाही. तरी सगळ्या पायांत मला तेच आठवतात.

पुढं जीप म्हातारी झाली. तिच्या कागदपत्रांची मुदत संपली आणि ती भंगारात गेली. तिला न्यायला टेम्पो आला तेव्हा दादांनी पाना आणला आणि मला सोडवून घेतलं. बाकी कशालाच त्यांनी हात लावला नाही. मग त्यांनी माझ्यात एक आरसा बसवला आणि मला गोठ्याच्या खांबाला टांगलं. रोज सकाळी ते माझ्यासमोर दाढी करायचे.

टांगून राहणं मला अजिबात आवडलं नाही. ज्या अंगावर माणसं चढायची, त्या अंगावर चिमण्या बसू लागल्या. पण एक गोष्ट मला तिथं सगळ्यांच्या आधी कळली. दादांच्या उजव्या डोळ्यात दुधासारखं काहीतरी उतरत होतं. पुढं ते आरशाला नाक लावून दाढी करू लागले, हनुवटी कापून घेऊ लागले. मग डाव्या डोळ्यातही तेच दिसायला लागलं. मी ओरडून कोणाला सांगणार?

बीडच्या डॉक्टरांनी सांगितलं, मोतीबिंदू आहे, पार पिकला आहे. लवकर ऑपरेशन केलं तर डोळे परत मिळतील, उशीर झाला तर आमच्याही हातात काही राहणार नाही. आणि इथंच सगळं अडलं. आम्रपाली आता जनावरांची डॉक्टर झाली होती, बीडला राहायची आणि स्वतःची गाडी चालवायची. दर रविवारी ती नांदूरघाटला यायची, दादांना म्हणायची, "चला दादा, उद्या सकाळी माझ्यासंगं. तारीख घेतलीय." आणि दर वेळी दादांकडं काहीतरी कारण असायचं. कधी पाहुणे येणार, कधी कंबर दुखते, कधी शेळी व्यायली.

खरं कारण मुक्ताबाईंनी एकदा सगळ्यांसमोर सांगून टाकलं. "डोळ्याला न्हाई भेत ते. लेकीच्या शेजारी डाव्या सीटवर बसायला लाजत्यात."

"मी आख्ख्या तालुक्याला पोचवलंय," दादा म्हणाले. "आता मला पोचवणार का कुनी?"

त्या गाडीचा तर त्यांना भारीच राग. आवाज नाही, धूर नाही, ती कसली गाडी, असं ते म्हणायचे. ती अंगणात उभी असली तरी ते वळसा घालून जायचे. तिला एकदाही त्यांनी हात लावला नव्हता.

एका रविवारी आम्रपाली आली तेव्हा तिच्या गाडीची नंबर प्लेट एका स्क्रूवर लोंबकळत होती. माझ्या जागी तिथं एक काळी, चकचकीत प्लास्टिकची चौकट होती. दिसायला झकास, पण आपल्या रस्त्यांपुढं ती काय टिकते! एका खड्ड्यात तिचे दोन तुकडे झाले होते. मला आनंद झाला नाही असं मी म्हणणार नाही.

आम्रपाली अंगणात बसून मोबाइलवर नवी चौकट निवडत होती. एक चंदेरी होती, एक जाळीच्या नक्षीची होती. "माय, ही बघ, ही चुंबकाची हाय," ती आईला म्हणाली. "भोक पाडायचं काम न्हाई, नुसती चिकटती."

तेवढ्यात ओसरीवरून आवाज आला. "चुंबक? आपल्या रस्त्याला चुंबक? नेकनूरच्या अलीकडंच पडंल की!"

आणि दादा उठले, मित्रांनो. काठी टेकत सरळ गाडीपाशी आले. खाली बसले आणि बोटांनी ती लोंबकळणारी पाटी चाचपू लागले. कुठं पट्टी मोडली, कुठं स्क्रू राहिला, सगळं त्यांनी हातानं बघितलं. मग ते गोठ्यात आले आणि माझ्यातला आरसा काढला. माझ्या अंगात जीव असता तर मी त्या क्षणी नाचले असते.

दादा भोक पाडायला निघाले तेव्हा आम्रपाली किंचाळली, "दादा, भोक नगं! नव्या गाडीला भोक पाडत्यात का कुठं?" शेवटी ठरलं की प्लास्टिकच्या चौकटीची जी भोकं आधीपासून आहेत तीच वापरायची. दादांनी सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे कापून माझ्यामागं लावले, म्हणजे लोखंड बंपरला घासणार नाही. पाटीवरच्या सरकारी, एकदा लागल्या की न उघडणाऱ्या रिबिटांना हात लावायचा नाही आणि एकही आकडा झाकायचा नाही, हे आम्रपालीनं बजावून सांगितलं. इतक्यात कोणीतरी आजारी वासराचा निरोप घेऊन आलं आणि ती तिकडं गेली. दादांनी विजेच्या गाडीची ती हिरवी पाटी माझ्यात सरकवली आणि एकट्यानं बोल्ट आवळले. काम झाल्यावर त्यांनी माझ्यावर दोन थापा मारल्या. "आता येऊ दे कसलाबी खड्डा," ते म्हणाले.

दुपारी आम्रपाली परत आली आणि गाडी चार्ज करायला वायर घेऊन पुढं आली. पुढं! जीपमध्ये डिझेल मागच्या बाजूनं भरायचं. पण या गाडीचं तोंड खरंच तोंडाशी होतं, नंबर प्लेटच्या बरोबर वर एक झाकण होतं. ते खालच्या बाजूला उघडायचं. ते उघडायला गेलं आणि माझ्या पायरीला अडलं. दोन बोटं फट पडली, त्यापलीकडं काही हलेना. दादा कधी त्या गाडीजवळ फिरकलेच नव्हते, मग त्यांना हे माहीत तरी कसं असणार?

"असू द्या दादा," आम्रपाली म्हणाली. "उद्या बीडात प्लास्टिकची बसवून घेते. तुमी एवढं केलं तेच लई झालं."

ती चांगल्या मनानं बोलली होती. पण ते ऐकून दादांचा चेहरा असा पडला की मला बघवेना. त्यांनी गुपचूप पाना घेतला, मला सोडवलं आणि ओसरीवर भिंतीकडं तोंड करून बसले. वायर लागली, गाडी चार्ज होऊ लागली. दादा मला मांडीवर घेऊन बसून राहिले. आता हे बीडला कधीच जाणार नाहीत, असं मला वाटलं. माझ्यामुळं.

मुक्ताबाई भाकरी थापता थापता उठून आल्या. हाताला पीठ तसंच होतं.

"कावून बसलाव असं?"

"पायरी आडवी येती."

"मग कापा की ती."

"तुझं नाव हाय तिच्यावर."

"मी काय त्या पट्टीत बसलेय व्हय?" मुक्ताबाई म्हणाल्या. "मी हितं हाय, चुलीम्होरं. डोळे नीट असते तर दिसले असते तुमाला! उठा. कापून आणा."

दादा उठले. मला काखेत मारून शहादेवच्या दुकानात गेले. शहादेवही आता म्हातारा झाला होता, पण कटर त्याच्या हातात होता. त्यानं दोनदा विचारलं, "कापू ना रे?" दादांनी मला स्वतःच्या हातांनी धरलं. ठिणग्या उडाल्या. दुखलं का, असं तुम्ही विचाराल. हो, दुखलं. एवढ्या माणसांचे पाय जिथं पडले, आम्रपाली जिथं उभी राहिली, ते सगळं कडकन खाली पडलं. पण दादांचे हात माझ्यावर घट्ट होते, आणि इतक्या वर्षांत त्यांनी मला एवढं घट्ट कधी धरलं नव्हतं. कापलेली पट्टी मुक्ताबाईंनी चुलीतले निखारे ओढायला ठेवून घेतली.

संध्याकाळी मी पुन्हा गाडीवर चढले. झाकण उघडलं, पूर्ण उघडलं. आम्रपालीनं ते चार-पाच वेळा उघडझाप करून दाखवलं आणि दादांनी प्रत्येक वेळी बोट घालून खात्री केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बीडला निघाली तेव्हा दादा टोपी घालून दाराशी उभे होते. "लोखंड हाय," ते म्हणाले. "ढिलं पडलं तर खडखडंल. वेशीपत्तुर येतो, ऐकतो, मग उतरतो." आणि कोणाकडं न बघता ते डाव्या सीटवर जाऊन बसले. आम्रपालीनं गाडी सुरू केली. मुक्ताबाईंनी पदर तोंडाला लावला. हसू दाबलं की रडू, ते मला समोरून कळलं नाही.

वेस आली. "हितं रस्ता गुळगुळीत हाय," दादा म्हणाले. "हितं काय कळतंय? जरा म्होरं घे." पुढं खड्डे आले. मी जराही हलले नाही. "अजून म्होरं घे." नेकनूर आलं आणि गेलं. मांजरसुंब्याला आम्रपालीनं गाडी हळू केली. "दादा, इथून परत जायला एसटी भेटंल. उतरता का?"

"घाटात उतारावर बघाय पायजे," दादा म्हणाले. "खरी परीक्षा उतारालाच असती."

घाटही उतरून झाला. आम्रपाली रस्त्याकडं बघत होती आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. दादांना ते दिसत नव्हतं. बीड आलं, रिक्षांचे हॉर्न सुरू झाले. ती दवाखान्याकडं वळावं की सरळ जावं या विचारात चौकात थांबली. दादांना समोरचं धुरकट दिसत होतं, पण या शहरातलं प्रत्येक वळण त्यांना पाठ होतं.

"डाव्या हाताला घे," ते म्हणाले. "डोळ्याचा दवाखाना तिकडं हाय."

मित्रांनो, जुन्या वस्तूला खिळ्याला टांगून ठेवलं म्हणजे तिला जपलं असं होत नाही. तिला काम द्या. थोडी कापावी लागली तरी कापा, ती सोसेल. आणि तुमच्या घरात कोणी बन्सीदादा असतील, तर त्यांना "चला, आम्ही नेतो" म्हणण्याआधी एकदा "दादा, हे जरा बघता का?" असं म्हणून बघा.