तीन पिना, दोन सह्या

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी फळ्यावरची तिसरी जागा रिकामी दिसली.

पॅराशूटच्या घड्या घालायच्या त्या लांबट खोलीत भिंतीवर एक पांढरा फळा होता. त्यावर प्रत्येक हत्याराची आकृती काळ्या रंगाने काढलेली: कात्री, चिमटा आणि खाली ओळीने तीन पिना. हत्यार जागेवर टांगलं की काळा रंग झाकला जायचा. आता तिसऱ्या पिनेचा काळा रंग उघडा पडला होता, आणि उडी मारणाऱ्या पाच जणांना घेऊन विमान आठ मिनिटांपूर्वीच उडालं होतं.

पिन पोलादी, बोटाएवढी. पॅराशूटची छत्री दुमडून पाठीवरच्या गाठोड्यात कोंबली की तोंडाशी असलेला फास या पिनेने धरून ठेवायचा, मग कायमची पिन बसवायची आणि ही काढून घ्यायची. ही आतच राहिली आणि वरची पट्टी तिच्यावर बसली, तर बाहेरून काही कळत नाही. उडी मारणाऱ्याने दोरी कितीही ओढली तरी तोंड उघडत नाही.

फळ्यापुढे उभ्या असलेल्या तिला सगळे घडीवाली म्हणत. अकरा वर्षांत तिच्या हातची एकही छत्री अडकली नव्हती. प्रत्येक गाठोड्यावर ते पाठीवर घेणाऱ्याची चिठ्ठी असे. घडी घालताना ती ते नाव मनातल्या मनात देवापुढे ठेवत असे. हे तिने कधी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं त्यात काही आहे असंही तिला वाटत नव्हतं.

तिने टेबलाखाली पाहिलं, एप्रनचे खिसे उलटे केले, केराची बादली जमिनीवर ओतली. पिन नव्हती.

सकाळचा नियम साधा होता. गाठोडी गाडीत जाण्याआधी तिने आणि जोडीला काम करणाऱ्या मावशीने फळा पाहायचा, हत्यारं मोजायची आणि वहीत सह्या करायच्या. ती आणि मावशी एकाच चर्चच्या. मावशी नात्याची नव्हे. सगळ्या जागेचीच मावशी. मोजणीआधी दोघी गाठोड्यांवर हात ठेवून दोन मिनिटं प्रार्थना करत. आज मावशीच्या सुनेचं ऑपरेशन होतं. दोन मिनिटांची दहा झाली. बाहेर गाडीवाल्याने दोनदा हॉर्न वाजवला. मावशीने ओल्या डोळ्यांनीच वही पुढे सरकवली. दोघींनी सह्या केल्या. फळ्याकडे कुणी पाहिलंच नाही.

"मावशी, रेडिओच्या खोलीत फोन करते."

"थांब जरा. साहेब आधीच म्हणतो, इथे हात चालवा, ओठ नकोत. आयतं कोलीत देशील त्याच्या हातात. देवाचं नाव बद्दू होईल."

"देवाचं नाव आपल्या पिनेवर टांगलेलं नाही."

"अगं, प्रत्येकाच्या पाठीवर दुसरी छत्री असतेच की."

"तिचीही घडी आपणच घालतो, मावशी."



रविवारीच पाळक म्हणाले होते, देवाला उरलंसुरलं देऊ नका. घडीवालीने तेव्हा मान डोलावली होती. आज मोजणीचा वेळ तिने देवाला दिला होता. देवाने तो मागितला नव्हता. त्याने पाच माणसं तिच्या हाती दिली होती, आणि त्यांच्याच वाटणीचं काढून ती त्याला वाहायला निघाली होती.

सात सोळा. पहिली उडी सात बावीसला.

फोन तिच्या दिराने उचलला. रेडिओवर तोच असे. "काय वहिनी, डबा विसरलो का मी?"

"भाऊजी, विमान खाली बोलवा. कुणालाही उडी मारू देऊ नका."

"सकाळी सकाळी थट्टा करताय?"

"माझी एक पिन सापडत नाही."

पलीकडे खुर्ची सरकली. मग साहेबांचा आवाज आला. "कुठल्या गाठोड्यात आहे?"

"माहीत नाही."

"गाठोड्यातच आहे हे तरी नक्की?"

"नाही."

"मग? टेबलाखालून निघाली तर? अख्खा दिवस बुडेल, बाई. आणि वहीत तर तुमची सही आहे."

"मी न मोजता सही केली."

साहेबांनी विचारलं, "का?"

गाडीवाला घाई करत होता, हे तिच्या जिभेवर आलं. खोटं नव्हतं ते. निम्मं खरंच होतं.

"आम्ही दोघी प्रार्थना करत होतो. ती लांबली. मोजायचं राहिलं."

मावशीने तोंड फिरवलं.

पलीकडे साहेब दिराला म्हणाले, विमान परत बोलव. फोन तसाच चालू राहिला. लांबून दिराचा आवाज येत होता, एकसुरी, त्याच त्याच शब्दांचा. मग वैमानिकाची खरखर: दार उघडलंय, पहिला दारात बसलाय. सात एकवीस झाले. मग दिराचाच आवाज, या वेळी फोनमध्ये: "दार बंद केलं, वहिनी. पाचही जण आत आहेत."

सात एकेचाळीसला विमान उतरलं. पाचांत एक निवृत्त शिक्षिका होत्या. त्यांनी तापल्या तव्यासारखं गाठोडं पाठीवरून उतरवलं. "बाई, आज मी वाचले की नुसतीच घाबरले?"

"अजून माहीत नाही," घडीवाली म्हणाली.

साहेबांसमोर तिने गाठोडी एकेक करून उघडली. प्रत्येकात दोन छत्र्या, प्रत्येक पट्टी, प्रत्येक फास. ती मनात प्रार्थना करत होती, पण डोळे उघडे ठेवून. बोट जिथे जाईल तिथे नजर. पहिल्यात काही नव्हतं. दुसऱ्यात नव्हतं. पाचव्याची शेवटची दुमड सुटली तेव्हा साडेनऊ वाजले होते. पिन नव्हती.

"म्हणजे काहीच नव्हतं," साहेब म्हणाले.

"या पाचांत नव्हतं."

"तुमच्या देवाने तेवढं आधी कळवलं असतं तर बरं झालं असतं." कुणी हसलं नाही. साहेबही नाही.

मग गाडी धुंडाळली, धावपट्टीच्या कडेचं गवत चाळलं, जमिनीवरून लोहचुंबक फिरवलं. दोन टाचण्या आणि एक जुना स्क्रू निघाला. दुपारी साहेबांनी दोघींना वेगवेगळं बसवून लेखी जबाब घेतले आणि घडीवालीचा सहीचा अधिकार काढून घेतला.

हात धुवायच्या जागी मावशी भेटली. सुनेचं ऑपरेशन नीट पार पडल्याचा निरोप आला होता. तो सांगून ती तशीच उभी राहिली.

"मी लिहिलंय, मोजणी नेहमीसारखी झाली म्हणून," ती म्हणाली. "माझी दोनच वर्षं राहिलीत गं. चौकशीत तुला पुन्हा विचारलं तर?"

"विचारलं तर खरं तेच सांगेन."

"आणि माझ्यासाठी प्रार्थनाही करशील, नाही का?" मावशीच्या आवाजाला धार होती.

"आज सकाळपासून करतेच आहे."

मावशीने नळ बंद केला आणि ती निघून गेली.

संध्याकाळी पाचला खोलीला कुलूप लागलं. साहेबांच्या टेबलावर एकाच मोजणीचे दोन जबाब होते आणि ते जुळत नव्हते. चौकशी सोमवारी दहाला ठेवली आहे. उड्या तोवर बंद आहेत. पिन सापडलेली नाही.