सेन्सरखालचं रबर

मित्रांनो, लोखंडाचा दांडा गरागरा फिरवायचा आणि तासून गुळगुळीत करायचा, एवढंच आयुष्यभर केलेला मी एक जुना लेथ आहे. तरुणपणी माझ्याकडून निघालेला दांडा असा असायचा, की त्यावर बसलेली माशी घसरून पडायची आणि लाजेने पुन्हा कारखान्यात फिरकायची नाही. विश्वास बसत नसेल तर त्या माशीलाच विचारा.

माझे मिस्त्री माझ्याबरोबरच म्हातारे झाले. सकाळी आले की आधी मला तेल, मग स्वतःला चहा. पाण्याच्या पंपांचे शाफ्ट, म्हणजे पंपाच्या आत फिरणारे दांडे, आम्ही दोघं बनवायचो.

एके दिवशी मालकीणबाईंनी सगळ्यांना जमवलं. म्हणाल्या, "लोखंड, तेल, वीज, नुसती उधळपट्टी चाललीय आपली. आता प्रत्येक मशीनला सेन्सर बसेल. जे वाया घालवतच राहील, ते भट्टीत जाईल."

मग एक इंजिनिअर मुलगी आली. माझं चाक ज्या बेअरिंगवर फिरतं, त्याच्या डोक्यावर तिने काडेपेटीएवढा सेन्सर चिकटवला आणि माझ्या विजेच्या तारेला एक मीटर जोडला. माझी थरथर, माझी विजेची भूक, सगळं कार्यालयातल्या पडद्यावर दिसू लागलं आणि सेन्सरवरचा थरथर दाखवणारा दिवा लाल झाला. खोटं कशाला बोलू, बेअरिंग दुखतच होतं.

मिस्त्रींना मात्र तो दिवा म्हणजे माझ्या मरणाची चिठ्ठी वाटला. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी सेन्सर हळूच उचकटला आणि खाली रबराचा जाड तुकडा घालून पुन्हा बसवला.

"गप रे म्हाताऱ्या, थोडं सोस," ते पुटपुटले. "तुला भट्टीत जाऊ देतो होय मी?"

माझी थरथर रबरातच जिरली आणि दिवा हिरवा झाला. मी आतून झिजत राहिलो. शाफ्टवर बारीक लाटा उमटू लागल्या आणि तपासणीत नापास झालेले शाफ्ट भंगाराच्या पेटीत साठू लागले.

फोरमन येऊन म्हणाला, "मशीन तर ठणठणीत आहे मिस्त्री, पडदाच सांगतोय. मग तुमचाच हात कापायला लागला का?"

मिस्त्रींनी दोन्ही हात खिशात घातले. खरं बोलावं तर मी भट्टीत, न बोलावं तर त्यांच्या हाताला बट्टा.

"सोमवारपासून पॅकिंगला बसा," फोरमन म्हणाला.

शनिवारी ती इंजिनिअर मुलगी आली, कपाळाला आठ्या घालून. "काका, तुमचं मशीन जरासुद्धा थरथरत नाही, पण वीज दीडपट खातंय. कडक उपास म्हणायचा आणि ताटावर ताट रिचवायचं, असं कसं?"

मिस्त्रींनी माझ्या अंगावरून एकदा हात फिरवला. मग त्यांनी स्वतःच सेन्सर काढला आणि रबर तिच्या तळहातावर ठेवलं.

"डॉक्टरला नाडी दाखवताना हातमोजा घालता का हो, काका?"

"मला वाटलं पोरी, तू याचं मर्तिक करायलाच आलीस."

"बेअरिंग बदला, एवढंच सांगत होता तो लाल दिवा. एका दुपारचं काम होतं."

मला उघडलं तेव्हा बेअरिंगचा चुरा झाला होता आणि त्याने माझ्या स्वतःच्या मधल्या दांड्यालाही ओरबाडलं होतं. तीन आठवडे मी आतडी उघडी टाकून पडून होतो. शेवटी दुरुस्त झालो, मालकीणबाईंनी मला ठेवलं, आणि मिस्त्रींनाही माझ्याजवळ परत पाठवलं.

त्याच दिवशी भंगाराची पेटी ट्रकमध्ये चढली. कोरं, चांगलं लोखंड होतं ते. त्यातल्या एकाही शाफ्टने कुणाच्या नळाला घागरभर पाणी दिलं नाही. मला वाचवण्यासाठी माझीच लेकरं भट्टीत निघाली होती. ट्रक वळेपर्यंत मिस्त्री दारात उभे होते. त्या दिवशी त्यांनी चहा घेतला नाही.

मित्रांनो, ज्याच्यावर जीव आहे त्याचं दुखणं झाकू नका. तो कण्हत असेल तर त्याला कण्हू द्या, आणि जवळ जाऊन ऐका.