स्वतःच्या नावाचा ठेकेदार

नोंदणीचा अर्ज एव्हारिस्तो रापोझोनं स्वतः भरून आणला, तेव्हा जर्मानोला भरून आलं होतं.

दोघं पोर्तुगालच्या आझोर्स बेटांवरच्या एकाच गावचे. एव्हारिस्तो आधी अमेरिकेत न्यू बेडफर्डला आला आणि बांधकामाचा ठेकेदार झाला. जर्मानो मागाहून आला तो त्याच्याच शब्दावर. त्याच्या तळघरात राहिला, त्याच्या हाताखाली छपरं घालायला शिकला. पुढे जर्मानोच्या मुलीला, ओदिलियाला, बाप्तिस्म्याच्या वेळी हातात घेतलं तेही एव्हारिस्तोनंच. तेव्हापासून दोघं एकमेकांना 'कंपाद्रे' म्हणत. मुलीचा बाप आणि तिचा धर्मपिता यांचं हे नातं त्यांच्या गावात सख्ख्या भावाहून वरचं.

"किती दिवस दुसऱ्याचा गडी म्हणून राहणार, कंपाद्रे?" एव्हारिस्तो जेवणाच्या टेबलावर अर्ज पसरत म्हणाला. "तुझ्या नावानं नोंदणी करू. उद्या मी म्हातारा झालो की हा धंदा कुणी बघायचा? माझ्या जावयानं? त्याला हातोड्याचा दांडा कुठला नि तोंड कुठलं ते कळत नाही!"

जर्मानो पोट धरून हसला. सही करता करता एका ठिकाणी त्याचा हात थांबला. "अपघाताच्या विम्यापुढे 'नको' लिहिलंय?"

"अरे, तो विमा नोकरांसाठी असतो. तू आता नोकर आहेस का?"

दोघंही हसले. जर्मानोची बायको झुल्मिरा सूप वाढत होती. तिनं एवढंच विचारलं, "म्हणजे उद्यापासून कामावर कधी जायचं ते हा ठरवणार?"

"हळूहळू, वहिनी, हळूहळू," एव्हारिस्तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीच्याच वेळी एव्हारिस्तोची गाडी दारात येऊन भोंगा वाजवू लागली. गाडी त्याची, शिड्या त्याच्या, ओरडाही त्याचाच. बदललं ते इतकंच, की नगरपालिकेचे बांधकाम परवाने आता जर्मानोच्या नावानं निघू लागले. कामाच्या घराच्या खिडकीत लावलेल्या कागदावर आपलं नाव दिसलं की जर्मानो टोपी सारखी करायचा. ओदिलियानं तर एकदा त्या कागदाशेजारी बापाचा फोटो काढून आजीला गावी पाठवला.

पानगळीच्या दिवसांत एका तीनमजली घराच्या छपराचं काम निघालं. परांचीची एक फळी नीट बांधलेली नव्हती. जर्मानोनं तिच्यावर पाय ठेवला आणि फळीसकट खाली आला. मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलं, गुडघ्याचा चुरा झाला.

इस्पितळात एव्हारिस्तो गोड पाव घेऊन आला. त्यानं जर्मानोचं कपाळ चुंबलं, उशी सारखी केली. मग आवाज खाली आणून म्हणाला, "कुणी विचारलंच, तर सांग, स्वतःच्या कामावर पडलो."

"तुमच्या कामावर पडलो ना मी?"

"कागदोपत्री ते माझं काम नाही, कंपाद्रे. नोंदणी तुझी, परवाना तुझा. माझा विमा माझ्या नोकरांपुरता. आणि तू नोकर नाहीस."

हेच वाक्य जेवणाच्या टेबलावर ऐकलं होतं. तेव्हा ते मानाचं वाटलं होतं.

"तुम्हाला तेव्हाच माहीत होतं?"

एव्हारिस्तोनं गोड पाव त्याच्याकडे सरकवला. "विम्याचे हप्ते काय झालेत तुला कल्पना नाही. कुठेतरी माणसं कमी दाखवायलाच लागतात. आणि तू पडशील असं कुणाला वाटलं होतं? तुझा पाय कधी घसरलाय आजवर?"

चार दिवसांनी नगरपालिकेची नोटीस आली. असुरक्षित परांची उभारल्याबद्दल जबाबदार ठेकेदार: जर्मानो फुर्तादो. स्वतःच्याच पडण्याचा गुन्हेगार तो स्वतःच.

ती नोटीस घेऊन झुल्मिरा बांधकाम कार्यालयात गेली. खिडकीतल्या बाईला पोर्तुगीज येत होतं. सगळं ऐकून ती म्हणाली, "बाई, कागदावरच्या नुसत्या नावावर कुणी जात नाही. कामगारांच्या सुनावणीत विचारतात, शिडी कुणाची, वेळ कोण ठरवतं, हुकूम कुणाचा. तक्रार करा."

जर्मानो ऐकेना. "कंपाद्रेवर फिर्याद? आईला काय तोंड दाखवू? अडचणीत असेल बिचारा."

"बिचारा?" झुल्मिरा म्हणाली. "पाय तुझा मोडलाय, त्याचा नाही."

त्याच आठवड्यात जर्मानोबरोबर छपरावर काम करणारा लॉरेनो भेटायला आला. चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. "मलाही ठेकेदार करतोय म्हातारा! म्हणतो, उद्या मी थकलो की धंदा कुणी बघायचा? जावयाला तर हातोड्याचा दांडा कुठला नि तोंड कुठलं..."

जर्मानोनं डोळे मिटून घेतले. विमा चुकवला, हे त्यानं एक वेळ गिळलं असतं. पण तो विनोदसुद्धा आपल्या एकट्यासाठी नव्हता.

"सही करू नकोस, लॉरेनो." त्यानं सगळं समजावून सांगितलं.

लॉरेनोनं टोपी हातात फिरवली. "केलीय," तो म्हणाला. "नाही म्हटलं असतं तर काम गेलं असतं."

जर्मानोनं तक्रार केली. सुनावणीला लॉरेनोला बोलावलं होतं. कामाच्या वेळा कोण ठरवतं, असं विचारल्यावर त्यानं जर्मानोकडे न बघता सांगितलं, "ज्याचं तो ठरवतो."

मग अधिकारी बाईंनी एव्हारिस्तोला सहज विचारलं, "अपघाताच्या दिवशी फुर्तादो कामावर कसे पोहोचले?"

"रोजच्यासारखं मीच घेऊन गेलो," एव्हारिस्तो बोलून गेला. "उशीर केलेला मला चालत नाही." शेजारच्या त्याच्याच वकिलानं पेन खाली ठेवलं.

निकाल जर्मानोच्या बाजूनं लागला. तो नोकरच होता, असं ठरलं. उपचारांचा खर्च एव्हारिस्तोच्या विम्यावर गेला, नोटीसही त्याच्याच नावावर वळली. बाहेरच्या व्हरांड्यात एव्हारिस्तो गाठ पडला.

"चव्हाट्यावर आणलंस," तो म्हणाला. "घरातल्या घरात मिटलं असतं."

"ओदिलिया विचारते, धर्मबाबा हल्ली का येत नाहीत," जर्मानो म्हणाला. "तिला काय सांगू, ते तूच सांग."

एव्हारिस्तोनं कोटाची बटणं लावली आणि तो निघून गेला.

जर्मानोचा गुडघा आता पुरता वाकत नाही. तो लोखंडी सामानाच्या दुकानात किल्ल्या कापतो. कधी लॉरेनो खिळे घ्यायला येतो, मान खाली घालून दुसऱ्या काउंटरला जातो. रविवारी जर्मानो आणि झुल्मिरा पहाटेच्या प्रार्थनेला जातात, कारण एव्हारिस्तो दहाच्या प्रार्थनेला असतो, पहिल्या बाकावर.